अप्पा, लॅपटॉप टेबलावरच ठेवा

अप्पा,

तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी दुकान उघडायला निघालोय. समोर बसून बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितोय.

आज ताईचा कॉल येईल तेव्हा लॅपटॉप टेबलावरच ठेवा, गादीवर नको. त्याचे स्पीकर पोटाखाली आहेत, आवाज गादीतच जिरतो. शिवाय मी त्यात एक सॉफ्टवेअर घातलंय. ते बारीक आवाज वर उचलतं आणि मोठा दाबून धरतं, म्हणजे सगळं सारखं ऐकू येतं. तुम्हाला काही करायचं नाही. फक्त आवाज पूर्ण वाढवू नका, फाटतो.

तुमचे कान ठणठणीत आहेत. काल तुमच्या खुर्चीत बसून बघितलं, मलाही ताईचं अर्धं बोलणं कळेना. उगाच इतके दिवस तुमच्यावर खेकसत होतो.

सॉफ्टवेअर लावल्यावर तपासायला म्हणून रविवारचा कॉल ऐकला, नातीच्या गाण्यासाठी तुम्ही रेकॉर्ड केलेला. गाणं संपल्यावर मागून माझाच आवाज आला. तुमच्या पाठीमागे उभा राहून मी हिला हळूच म्हणत होतो, "म्हातारा ठार बहिरा झालाय, पण कबूल करेल तर शपथ!"

ताईने विचारलं, "मागे काय म्हणतोय तो?"

तुम्ही लगेच म्हणालात, "काही नाही गं, दूध उतू जातंय म्हणतोय."

अप्पा, गॅसवर तेव्हा काहीच नव्हतं.