जांभळ्या शाईचे उसने थेंब

बाई,

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर घोर अन्याय झाला आहे आणि अख्ख्या बारामतीत त्याची दाद घ्यायला कुणी तयार नाही. बोट जांभळं झालंय. नुसता डाग नाही. नखाच्या कडेपासून पहिल्या पेरापर्यंत पक्का, सरकारी रंग. साबण झाला, लिंबू झालं, भांडी घासायची पावडर झाली, रंग आपला तिथंच ठाण मांडून. परवा भाजीवाल्या मावशी मेथीची जुडी देताना म्हणाल्या, "ताई, मतदान कवा झालं वं? आमाला कुणी गाडीत घालून नेलंच न्हाय." त्यांच्या आवाजात लोकशाहीपेक्षा चुकलेल्या जेवणाची हळहळ जास्त होती. मतदानाची शाई डाव्या हाताला लावतात हे कुणाच्याच लक्षात येत नाही. किराणावाल्यानं तर "एकट्यानंच किती मतं टाकली?" असं विचारून सगळं दुकान हसवलं. साप्ताहिकात आठवड्याच्या आठवड्याला लोकांची टिंगल करून पोट भरणाऱ्या माणसाची अशी भर बाजारात टिंगल व्हावी, हे मला अजिबात आवडलेलं नाही. तक्रार तुमच्याकडे करते आहे, कारण त्या दिवशी मी पेनात भरलेली शाई नारिंगी होती.

आधी शाईचं सांगते, म्हणजे तुम्हाला आधी राग येऊन जाईल. पन्नाशी जवळ आली की माणसं गुडघ्यांना तेल लावतात नाहीतर देवाला लागतात. मी शाईला लागले. हल्ली बोटभर कुप्यांतून नाना रंगांच्या शाया घरपोच येतात. त्यांची नावं वाचून आपण शाई विकत घेतोय की कवितासंग्रह, ते कळत नाही. मी जाड कागदावर एकेक रंग ओढते, वाळू देते, मग त्यावरून ओला ब्रश फिरवते. राखाडीच्या पोटातून गुलाबी निघतो, तपकिरीच्या कडेला हिरवी झाक येते. लासुर्ण्याच्या आपल्या शाळेच्या वाटेवरचा ऊस मी नुसत्या एका हिरव्यात काढला, आणि पाणी लागल्यावर त्यातून जो पिवळा फुटला तो थेट वाळलेल्या पाचटाचा. तुमच्या राज्यात हे खपलं नसतं. लाल शाई शिक्षकांची, हिरवी हेडमास्तरांची, पोरांची निळी, आणि बाकीचे रंग रंगपंचमीला. बॉलपेननं अक्षर बिघडतं म्हणून तेही बंद.

जांभळा मात्र एकट्या तुमचा होता. वर्ष संपताना सगळ्या शिक्षकांच्या दौतीत उरलेली लाल शाई तुम्ही मागून आणायचात आणि निळीत मिसळायचात. लाल बघून पोरं भितात, निळं त्यांना दिसत नाही, म्हणून हा मधला रंग, असं तुमचं म्हणणं. झालं उलटंच. लालला आम्ही कधी भ्यालो नाही, जांभळ्याला भ्यायचो. वही परत आली की आधी समास बघायचा. निबंध मनासारखा नसला की तिथं दोन शब्द असायचे, खालून वर चढत गेलेले, एखादा मुंगळा भिंत चढावा तसे: पुन्हा लिही. कारण कधी दिलेलं नसायचं. त्याच वर्गात आमचा दुसरा एक कायदा होता. पेनातली शाई संपली की शेजारणीकडून थेंब उसने घ्यायचे आणि थेंबाला थेंब फेडायचा. जो फेडत नाही त्याच्या वहीत देणाऱ्याचं अक्षर उमटतं, असं माझ्या बाकावरची मुलगी छातीठोकपणे सांगायची. तिच्या मावशीच्या गावात उमटलं होतं म्हणे. सगळ्या भुतांना मावशीचंच गाव का लागतं, असं मी तेव्हाही विचारलं होतं.

गेल्या महिन्यात तुमचे धाकटे बंधू, निरवांगीचे तात्या, डाळिंबं घेऊन इथल्या मार्केट यार्डात आले आणि मला फोन करून बोलावून घेतलं. मला वाटलं, डाळिंबं देतील. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं पेन काढलं. काळपट हिरवं, टोपणाची पिन तुटलेली आणि तिथं दोरा गुंडाळलेला. तुम्ही गेल्याचं कार्ड मला पुण्यात कॉलेजच्या वसतिगृहावर आलं होतं. त्यानंतर तुमची एखादी वस्तू मी पहिल्यांदा बघत होते.

"आमच्या आक्काचं हाय," तात्या म्हणाले. "तुमी ठिवा."

"राहू द्या की घरात. आठवण आहे."

"आठवणच नगं झालीया. सूनबाईनं कपाट लावताना बाहीर काढलं, तवापासनं ह्याच्याजवळ कोरा कागद ठिवला की डाग पडतुया. जांभळा. दोन पावत्या गेल्या, आधार कार्डाची झेराक्स गेली."

"शाई भरली असेल कुणीतरी."

"कोण भरतंय? आक्का गेल्यापासनं ठणठणीत कोरडं हाय. हलवून बघा की." मी हलवलं. आत काही नव्हतं. "आन् तुमाला काय? भूतबित सगळं थोतांड हाय असं तुमीच लिवलं हुतं. आमी वाचतो बरं का." मग त्यांनी आवाज खाली आणला. "फकस्त ह्ये पेपरात घालू नका, ताई. पोर पोटुशी हाय. आधीच भ्यालीया, त्यात गाव हसाय लागलं तर हितं राह्यची न्हाय ती."

"छे, असं कसं घालीन?" मी म्हणाले. तोवर मनात मथळा तयार झाला होता.

आमच्या घरात भुतांना प्रवेश नाही, कारण हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. मी पेनात शेवाळी हिरवी भरली आणि कागदावर ओढली. आली जांभळी. तुमचीच, बाई, तीस वर्षांनीही मी तो रंग लांबून ओळखला आणि आधी समासाकडे बघितलं. यांनी शांतपणे टीपकागदाची पट्टी कापली, तिच्यावर त्या शाईचा ठिपका दिला आणि खालचं टोक पाण्यात बुडवलं. पाणी चढत गेलं तसा जांभळा फाटला. लाल एकीकडे राहिला, निळा पुढं निघून गेला, हिरवा नावालाही नव्हता. "हे घे तुझ्या बाईंचं भूत," हे म्हणाले, "सुटं करून दिलं. आत वाळून बसलेली शाई ओलाव्यानं सुटतेय. धुऊन टाक." मी पेन उघडून वाटीत भिजत घातलं. सकाळी पाणी ओतायचं, नवं घालायचं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वाटीत जांभळं कुस्करल्यासारखं पाणी. एवढ्याशा पेनात एवढी शाई मावते कुठं, असं मी विचारलं. यांनी आधी उत्तर दिलं, मग नुसती मान हलवली, मग वाटीकडे बघणंच सोडलं. शेवटी एका सकाळी पाणी स्वच्छ निघालं. तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मात्र कुणाला तरी घराबाहेर काढल्यासारखं वाटलं.

मग मी नारिंगी भरली. नारिंगीच आली, अगदी पळसाच्या फुलासारखी. त्या आनंदात, टळटळीत दुपारी, दार पुढं करून मी सदर लिहायला बसले. विषय तुम्हाला कळला असेलच. पावत्यांवर सही करणारं भूत आणि त्याला बघून कपाटामागं लपणारी सून. गावाचं नाव घातलं नव्हतं, पण डाळिंबं घातली होती, पेन घातलं होतं, तिचं पोटही घातलं होतं. इंदापूर तालुक्यात तेवढं पुरे. बरं जमलं होतं हो. लिहिताना मीच दोनदा हसले. कागद टेबलावर ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि आमटी गरम करायला आत गेले. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला आणि घर इतकं गप्प झालं की बाहेर उंबराचं एक पान गळलं तेही ऐकू आलं. मी हात पुसत परत आले. कागद तिथंच होता. सगळा मजकूर नारिंगी. आणि डाव्या समासात, खालून वर चढत गेलेले दोन शब्द, जांभळे. मी त्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती.

बाई, मी ओरडले नाही. सदरातली सून ओरडली होती, ते मीच लिहिलं होतं. मी कागद उचलून यांच्याकडे नेला. यांनी तो खिडकीतल्या उजेडाकडे धरला. "अक्षर तुझंच वाटतंय," ते म्हणाले. "असेल," मी म्हणाले. लहानपणी तुमची नक्कल करत करतच माझं अक्षर झालंय, तेव्हा असेलही. त्यांनी टीपकागद मागितला नाही. पेनात कोणती शाई आहे तेही विचारलं नाही. उठून पंख्याचं बटण दाबलं, वीज नसताना, आणि पंखा फिरत नाही म्हणून वर बघत उभे राहिले.

तेव्हा मला इंदापूर आठवलं. दहावीचा पहिला पेपर, मराठीचा. लासुर्ण्याहून एसटीनं तुम्ही आम्हाला घेऊन येता आहात, गाडी अशी आदळते आहे की माझ्या पेनातली सगळी शाई कंपासपेटीत सांडलीय, आणि केंद्राच्या व्हरांड्यात मी रडते आहे. तुम्ही स्वतःचं पेन उघडता, माझं उघडता, आणि नळी तिरकी धरून एकेक थेंब सोडता. "जांभळी चालत नाही, बाई," मी म्हणते. "नसलेली तर त्याहून चालत नाही," तुम्ही म्हणता. मग वर्गात पर्यवेक्षक माझा पेपर उचलून घेऊन जातात, आणि केंद्राचे साहेब तुम्हाला आत बोलावतात, सगळ्या वर्गासमोर. तपासणाऱ्याला पेपर ओळखू यावा म्हणून खुणेची शाई आहे, पोरीला मार्क मिळवून द्यायचेत का, शिक्षिका आहात की कोण आहात, असं बरंच काही. मागच्या बाकांवर इतर शाळांची पोरं फिदीफिदी हसताहेत. तुम्ही म्हणालात, "शाई माझी आहे. लिहून देते." आणि दिलंत, त्याच जांभळ्या शाईनं. पेपर परत माझ्या बाकावर ठेवायला तुम्ही स्वतः आलात. "सगळी हसताहेत, बाई," मी म्हणाले. "हसू देत. तू लिही." परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीतून उसाकडे बघत होतात. उतरताना म्हणालात, "उसनी दिलीय हं. परत करायची." तुम्हाला हसताना मी तेवढंच बघितलं. मला हसू आलं नाही. मावशीच्या गावची गोष्ट सांगणारी माझ्या बाकावरची मुलगी शेजारीच उभी होती. ती शाई मी कधीच परत केली नाही.

सदर मी फाडलं आणि पुन्हा लिहिलं. नव्यात डाळिंबं नाहीत, सून नाही. एक पन्नाशीची बाई आहे, जांभळ्या बोटाची, आणि बाजार तिला हसतोय. संपादक म्हणाले, "या वेळी स्वतःवरच घसरलात?" म्हटलं, चव बदलावी माणसानं.

काल दुपारी तुमचं पेन उघडलं. नारिंगी काढून टाकली. माझं जुनं शाळेतलं पेन माळ्यावरून शोधून आणलं होतं, त्यात साधी निळी भरली, जशी त्या दिवशी असायला हवी होती. मग त्याची नळी तुमच्या नळीवर तिरकी धरली आणि थेंब सोडले. किती होते ते मला आठवत नाही, म्हणून थोडे जास्तच सोडले. एक टेबलावर सांडला. तुमचा एकही सांडला नव्हता. टोपण लावलं, शेजारी कोरा कागद ठेवला आणि निरवांगीला फोन केला. सूनबाईनंच उचलला.

"ताई, आजून पडत्यात का वं डाग?"

"आता नाही पडणार. कुणाचंतरी शाईचं देणं होतं, ते दिलं."

"व्हय का," ती म्हणाली, मी वीजबिल भरल्याचं सांगावं इतक्या सहज. "मंग झालं की. आमाला आधी सांगायचं न्हाय व्हय?"

आज सकाळी कागद कोरा होता. पेन निळं लिहितंय. हे पत्रही त्यानंच लिहिते आहे. मघाशी हात थांबवून समासाकडे बघितलं, दोनदा. काही नाही. पत्र टाकायचं नाहीये, टाकणार तरी कुठं. शायांच्या कुप्यांच्या खोक्यात तळाशी राहील. आणि बोटाचं म्हणाल तर, काल पुन्हा घासावं म्हणून लिंबू आणलं होतं. चिरलंही होतं. मग त्याचं सरबत केलं आणि प्यायले.