वर्ग केल्यावर

१० जाने., शनि.
तासानंतर क्लस्टर बीजगणिताची ओळख. अभ्यासक्रमात नाही, म्हणून थांबली एकटी पल्लवी, तिसऱ्या वर्षाची. दोन संख्यांचा गट. दुसरीत एक मिळवून पहिलीने भागायचे. पहिली जाते, उत्तर गटात येते. १, १, २, ३, २, १, १. पाच पावलांत मूळ जोडी. तिने ३, ४ घेतले: ५/३, २/३, १, पुन्हा ३, ४. स्वतःशीच हसली.
शेजारच्या वर्गावरचे काळे सर दारातून, "काऊन हो, परीक्षेत येते काय हे?"
निघताना ती, "सर, एक मिळवायच्या आधी वर्ग केला, तरी वापस येते?"
"येतेच. करून पाहा."

१७, शनि.
पल्लवी नाही. फळा पुसून घरी.

२२, गुरु.
तिची मैत्रीण भेटली. "पल्लवी एम.एस्सी.चा फॉर्म नाही भरत, सर. रोज आकडे मांडते, वापस येतच नाही. म्हणते, मलेच गणित जमत नाही."
घरी येऊन मांडले. १, १, २, ५, १३, ३४, ८९... वाढतच जाते. परत येणे नाहीच.
"येतेच" म्हणालो तेव्हा एकदाही करून पाहिले नव्हते. "माहीत नाही" म्हणायला काय जात होते? एकच ऐकणारी, तीही उठून जाईल... बहुधा हेच.

२५, रवि.
एसटीने धामणगाव बढे, पल्लवीच्या घरी. ती वावरात, वांगी तोडायला. वडिलांनी विचारले, "मास्तर, खरं सांगा, पोरीले जमते का नाही?"
"तिचं बरोबर आहे. मी चुकीचं सांगितलं."
"मंग तिलेच सांगा ना." त्यांनी फोन लावला. ठेवला. "टोपल्या भरायच्या राह्यल्या म्हणते."
तिची वही मागितली. पानेच्या पाने भागाकार, सगळे स्वतःच खोडलेले. एकेक तपासला. एकही चूक नाही. शेवटी समासात पेन्सिलने: '१, १ पासून भाग दरवेळी पुरा जाते. अपूर्णांक येत नाही. काऊन?'
या विषयाचे मर्म हेच. मी सांगायचे विसरलो होतो. तिला एकटीला दिसले.
खाली लिहिले: 'चूक माझी. आकडे सगळे बरोबर. "काऊन" शनिवारी पाहू.' शेवटच्या गाडीपर्यंत थांबलो.

३१, शनि.
फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत. फळ्यावर ८९पर्यंत लिहिले. पुढे ८९चा वर्ग, अधिक एक, भागिले ३४. उत्तराची जागा पल्लवीसाठी कोरी.
ती अजून नाही. साडेपाचला काळे सर, "पुसू काय हो?"
राहू द्या म्हणालो.