नव्या डोळ्यानं बघितलेलं तीन शिणिमं

पयली आली ती साळूबाई. उदयसिंहाची गाडी अजून मारुतीच्या देवळापाशी वळत हुती, आन ही पदर खोचून माझ्या ओट्यावर हजर! "रंगे, पाटणचं पावनं आलं बघ," म्हणती मला. माझ्याच बहिणीचा ल्योक आन सून, पण खबर आधी शेजारणीला. मग पावण्यांसंगट चा प्याली, चिवडा खाल्ला, आन पावनं उठंनात म्हणून आपुनबी उठली न्हाई. असो. आक्का, तुला धाकट्या रंगूचा वाकून नमस्कार. तुझं गुडघं कसं हायेत? तेल चोळतीस का नुसती बाटली उशाला घेऊन निजतीस? आमी इकडं खुशाल. म्हस याली, रेडी झाली. फोनवर तुला ऐकू येत न्हाई आन मला वरडून बोलता येत न्हाई (भितीपल्याड साळूबाई ऱ्हाती), म्हणून माझ्या चौथीच्या अक्षरात लिहून संयोगिताच्या हाती धाडते. तीच तुला वाचून दावंल. (संयोगिता, सावकाश वाच. सासू हुं म्हणल्याबिगर म्होरं जाऊ नगंस.)

तर आक्का, ह्या दोन महिन्यांत मी तीन शिणिमं बघितलं. थेटरात जाऊन, मऊ खुर्चीत बसून. म्हातारीला चळ लागला म्हणशील तर म्हण. पण सांगलीला माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं तवापासनं मला समदंच बघावं वाटतंय. पयल्या दिवशी तर मी रेश्माच्या घरातली भित बघत बसले हुते तासभर. लेकीनं भित निळी दिलीया, हे मला तवा कळलं. चार वर्सं मी तिला पांढरी म्हणत हुते आन ती बिचारी व्हय म्हणत हुती.

पयला शिणिमा रेश्मानंच दावला. दोन भाऊ, त्यांची एक पाण्याची हीर, आन मधी सापडलेली आई. पण लय अंधार. मी मनात म्हणलं, ह्या गावात दिस उगवतच न्हाई का काय? माणसं नुसती अंधारात भांडत्यात. इंटरवल झाला तवा रेश्मानं माझ्याकडं बघितलं आन कपाळावर हात मारला. डाक्टरनं दिलेला काळा चश्मा माझ्या नाकावर तसाच! उन्हात घालायचा ते मी तिथंबी घालून बसले हुते. मग चश्मा काढला, आन आक्का, काय सांगू! हिरवागार ऊस, लालभडक लुगडं, आन त्या आईनं थापलेली भाकरी तव्यावर टम्म फुगली ती मला माझ्या डोळ्यांनी दिसली. त्या बाईला भाकरी खरीच येती बरं का. बोटं कशी फिरत हुती! हल्लीच्या नट्या म्हणून नावं ठेवतो आपण, पण हिनं शिकून घेतल्यालं दिसतंय. तेवढं एक चुकलं, तोंडाला सुरकुत्या रंगवल्या आन गळ्याला रंगवायच्या ऱ्हायल्या. मान तिशीची, तोंड सत्तरीचं. पण रडली झ्याक. तिच्यासंगट मीबी रडले, आन डोळा झाल्यावर रडायचं नसतंय म्हणून रेश्मा मला रागं भरली.

दुसरा भुताचा. रेश्मानं माझा हात घट्ट धरला, म्हणली, आई भ्याशील. मी कशाची भिते! भुतानं हात वर केला, तर मनगटाला घड्याळाखालचा पांढरा पट्टा! उन्हात घड्याळ घालून हिंडणारं भूत म्हणलं की मला हसूच आलं. म्होरली बाई किंचाळतीया आन मी हसतीया. पण कामसू पोरगी हुती बाई, पांढऱ्या साडीत भितीवर उलटी चढली. आपल्याला माळ्यावर चढायचं तर दोन जण खालनं धरावं लागत्यात. तिलाबी माझं शंभर मार्क.

आन तिसरा कालचा, साताऱ्यात. उदयसिंह आल्यापासनं गप गप हुता. मी म्हणलं, चला, थेटरात जाऊ, तिथं कुणी बोलत नसतंय. (साळूबाई मधल्या शिटावर. बोलावलं कुणी, ते इचारू नगंस.) शिणिमा फौजेचा. गावाकडची आई, एकुलता एक जवान. इंटरवलच्या आधी त्या जवानाला तिरंग्यात गुंडाळून गावात आणला. बिगूल वाजला, आन आक्का, साळूबाई उभी ऱ्हायली. तिचं समदं आयुष्य फौजीच्या घरात गेलं, असा बिगूल वाजला की तिला बसवत न्हाई. ती उठली म्हणून मी उठले. उदयसिंह तर सोता फौजी, त्यो ताठ, हात बाजूला चिकटलेलं. म्होरच्या रांगंत चार पेन्शनर हुतं, तेबी उठलं. मागनं एक बाबा वरडला, "ओ मावशी, खाली बसा की! दिसंना झालंय!" साळूबाई गर्रकन वळली. "आरं, कुणाचं तरी पोरगं गेलंय, आन तुला बघायची पडलीया व्हय रं?" त्यो बाबा वरमला आन सोताच उभा ऱ्हायला. मग काय, समदं थेटर उभं! पडद्यावर काय चाललंय ते कुणालाच दिसंना, पण बसायचं धाडस कुणाचं हुईना.

आन इंटरवलनंतर कळलं, ते समदं त्याच्या आईला पडलेलं सपान हुतं! जवान धडधाकट, चौकीवर भात खात बसलेला. मी टाळ्या वाजवल्या. ज्यानं ही गोष्ट लिवली त्याच्या लेकराबाळांचं कल्याण हुवो. पण साळूबाईला वेगळाच घोर. मयताला उभं ऱ्हायलो म्हंजी आंघोळ केल्याबिगर घरात जाता येत न्हाई, पण सपनातल्या मयताची आंघोळ लागती का? येताना गाडीत हीच चर्चा. शेवटाला तिनं आंगणात निम्मी आंघोळ केली, हातपाय आन तोंड. म्हणली, खरं असंल तर तेवढं पोचलं, खोटं असंल तर पाणी वाचलं.

आता आक्का, शेवटचा सीन सांगते. जवान सुट्टीवर येतो. आई फलाटावर त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून नुसती बघत ऱ्हाती. बोलणं न्हाई, गाणं न्हाई. लय चांगलं काढलंय. मी शेजारी बघितलं तर उदयसिंहानं मान खाली घातल्याली. म्हणला, "मावशी, आई मला बुटाच्या आवाजावरनं वळखती."

थोरांना नमस्कार, लहानांना पापा, आन तुला काय द्यावं ते सुचंना म्हणून चिवडा धाडलाय.

तुझी,
रंगू

ता.क. आक्का, खरं बोलायचं ते आता बोलते. तू म्हणतीस, माझ्या डोळ्याचं आपरेशन म्होरल्या वर्साला बघू. उदयसिंहाची सुट्टी अठ्ठावीस तारखेला संपती. ल्योक कानशिलावर पांढरा झालाय, तुला ठाव हाय का? मी इचारलं, बाबा, केस का रंगवत न्हाईस? म्हणला, आईसाठी रंगवायचो, आता तिला दिसत न्हाई, मग कशाला? आक्का, पोराला पुन्यांदा केस रंगवायला लाव गं. शिणिमा बघू नगंस हवं तर. सांगलीला मी तुझ्या बाजूला बसंन, रेश्मानं नंबर लावून ठिवलाय.

आणखी ता.क. (संयोगिता, हे मोठ्यानं वाचायचं न्हाई.) आपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकातनं दोनदा पळून आले हुते. एकदा तर डोक्यावरच्या हिरव्या टोपीसकट रिक्षात बसले. शिणिमा दावते म्हणून रेश्मानं कबूल केलं तवा म्हागारी फिरले. तवा सासूबाई फाटकात अडल्या तर घाबरू नगंस, भुताचा शिणिमा दावते म्हणून सांग. तिला भुताचं लय येड, ल्हानपणी मलाच भिववायची. उदयसिंह आता गाडी पुसतोय, आन पुसता पुसता तीनदा सांगून झालं त्याचं: मावशी, बेस्तरवारी सकाळी नवाच्या आत आईला घिऊन येतो, तू तयार ऱ्हा.