घराची सरासरी साठ

३ ऑक्टोबर, सकाळ
गांजाची चारही झाडं कापली. इथे कायद्याने घराला चार, आमची चार. गेल्या वर्षीचा सगळा गांजा तळघरात बुरशीने खाल्ला. त्यात माझा दोष नव्हता, तळघराचा होता. या वर्षी बुरशीचा एक ठिपका दिसणार नाही. बत्तीस वर्षं फिश प्लांटवर कॉड मासा वाळवला आहे. वाळवण्यातलं मला कोणी शिकवू नये.

हे सगळं बायकोसाठी, मोरागसाठी. दोन वर्षं झाली, तिची बोटं सांधेदुखीने आखडलीत. फिडलला हात लावलेला नाही. गांजाचं तेल काढून मलम करायचं, तिच्या बोटांना चोळायचं. उरलंसुरलं माझ्या पाइपसाठी.

संध्याकाळ
मोराग हॅलिफॅक्सला मुलीकडे गेली. तिथे हाताचे डॉक्टर, इंजेक्शनं. महिनाअखेरीला परत. २ नोव्हेंबरला चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये तिच्या वडिलांच्या आठवणीची संध्याकाळ आहे. त्यांचंच फिडल ती तिथे वाजवणार. (व्हायोलिन म्हटलेलं तिला चालत नाही. फिडल म्हणायचं.) जाताना मला एकच काम सांगितलं. लाकूड सुकू नये म्हणून पेटीत ओलाव्याची पुडी ठेवली आहे, ती तिथेच राहू दे, बाकी कशाला हात लावू नकोस. इतकं सोपं काम सांगणं म्हणजे माझा अपमानच आहे.

४ ऑक्टोबर
तळघर बाद. बाहेर धुकं. घरात एकच खोली धड आहे, मोरागची वाजवायची. पडद्याच्या दांड्यांना दोऱ्या बांधून फांद्या उलट्या टांगल्या. पियानोवर कात्र्या आणि चहाचा कप. हवेतला ओलावा मोजायचा मीटर लावला. ७८. पाहिजे साठ टक्के, घाई नको, दोन आठवडे धीर, असं सगळे सांगतात. धीर माझ्याकडे भरपूर आहे.

५ ऑक्टोबर
शेजारच्या डूगलकडून त्याचं डीह्युमिडिफायर आणलं. नळी खिडकीबाहेर सोडली. डूगल म्हणाला, लॉकी, हे तळघरासाठीचं मशीन आहे, छोट्या खोलीत जपून, हवेतला थेंब न् थेंब पिऊन टाकतं. मी म्हटलं, पिऊ दे. तो दाराशी उभा राहून उगाच मान हलवत होता.

८ ऑक्टोबर
६०. बरोबर साठ. आता फक्त असंच राहू द्यायचं. दुपारी विचार केला, साठावर दोन आठवडे लागत असतील तर चाळिसावर एकच लागेल. साधा हिशोब आहे. मशीन वाढवलं, शेगडीत दोन ओंडके जास्त टाकले.

१० ऑक्टोबर
काडी वाकत नाही, कट्कन मोडते. ही खूण. अर्धा माल काढून बरण्यांत मुरायला भरला. बाकीचा टांगलेलाच ठेवला, जास्तीची काळजी म्हणून. मोरागचा फोन. फिडल कसं आहे. मजेत आहे म्हटलं. दाराआडून पाहिलं होतं, पेटी जागेवर होती, म्हणजे खोटं नव्हतं.

११ ऑक्टोबर
बरण्यांना आतून घाम. कळ्या वरून कोरड्या, पोटात ओल्या. फसवणूक आहे ही. पुन्हा सगळं बाहेर, दोऱ्यांवर. मशीन शेवटच्या आकड्यावर. बुरशीला मी दार उघडणार नाही.

१४ ऑक्टोबर
मीटर ३१ दाखवतो. घाबरलो नाही. तळघरात नेऊन पाहिला, तिथे ८९. एकतीस अधिक एकोणनव्वद, भागिले दोन. साठ. घराची सरासरी बरोबर साठ आहे. उगाच चिंता करत होतो.

१५ ऑक्टोबर
सकाळी कळीला हात लावला तर चुरा झाला. वास जुन्या गवताचा. हरकत नाही, ओलावा परत देता येतो. त्यासाठी पुडी लागते. दुकान लांब, धुकं दाट. मग आठवलं, घरात पुडी आहे.

फक्त दोन दिवसांसाठी. फिडलचं लाकूड शंभर वर्षांपूर्वीच वाळलं आहे, त्याला आता कसली तहान. थोड्या कळ्या बरणीत भरल्या, वर पुडी टाकली. फिडल दिसायला एकदम झकास होतं. पेटीचं झाकण उघडंच ठेवलं, हवा खेळती राहावी म्हणून. मोराग असती तर तिलाही पटलं असतं.

१८ ऑक्टोबर, दुपार
स्वयंपाकघरात चहा आणि ओटकेक घेऊन बसलो होतो. वाजवायच्या खोलीतून तार वाजली. एकच. टण्ण. घरात माझ्याशिवाय कोणी नाही. दार बंद. मांजर तर गेल्या हिवाळ्यातच गेलं.

मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी खोलीला कुलूप लावलं. मशीन आत चालू आहे, ते घरघरतंय, म्हणजे माल ठीक आहे.

१९ ऑक्टोबर
समोरची सेडी आली. वय शहाऐंशी, तिने गावातले अर्धे मृत्यू आधीच ओळखले आहेत. तिला सांगितलं. ती कप खाली ठेवून म्हणाली, बाळा, आपोआप वाजलं का, मग घरातलं कोणीतरी निघालं. माझे वडील गेले त्याच्या आदल्या आठवड्यात भिंतीवरचं फिडल असंच वाजलं होतं. मग तिने विचारलं, एकच तार ना. मी हो म्हटलं. ती म्हणाली, अजून तीन आहेत. आणि जॅम मागितला.

२० ऑक्टोबर
दुसरी तार. सकाळी. तिसरी जेवताना. चाउडरचं सूप गार झालं.

मोरागला फोन केला. बरी आहेस ना. बरी आहे. श्वास नीट घेता येतो ना. ती म्हणाली, आज तिसऱ्यांदा विचारतोयस, काय सांडलंस घरात? मी म्हटलं काही नाही, प्रेमाने विचारतो. ती म्हणाली, तेव्हा मला जास्त काळजी वाटते. इंजेक्शन लागू पडलं आहे. अंगठा करंगळीला टेकतो. फोन ठेवल्यावर मी रडलो. म्हणजे ती नाही. म्हणजे मी.

२२ ऑक्टोबर
चौथी तार. मग खट्, आत काहीतरी पडल्यासारखं. छातीत डाव्या बाजूला बारीक कळ. उजव्या बाजूलाही.

मन शांत आहे. ठरवलं, सगळ्यांना माफ करायचं. डूगलला सोडून. शवपेटीला खांदा द्यायला डूगल नको, तो सगळीकडे मान हलवत राहील. शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवली आहे. जाणाऱ्या माणसाने निदान गारठून जाऊ नये.

२५ ऑक्टोबर, दुपार
कडाड. फळी फुटल्यासारखा आवाज, कुलूप लावलेल्या खोलीतून. सेडीला बोलावलं. ती दाराला कान लावून बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, ही शवपेटीची लाकडं. सुतार बसलाय कामाला. तिला दार उघडू का विचारलं तर म्हणाली, वेडा आहेस का, माप घेतील तुझं.

रात्री एकट्याने जपमाळ ओढली. मोरागच्या हाताला मलम लागलेलं बघायला मी नसेन, याचं वाईट वाटतं. कृती लिहून फ्रिजवर लावली आहे.

२९ ऑक्टोबर
अजून जिवंत. डूगल आला होता. मशीन परत पाहिजे म्हणाला. आत जाता येत नाही म्हटलं. का, म्हणाला. सांगितलं. तो हसला नाही, याचा मला राग आला. म्हणाला, लॉकी, दार उघड आणि मशीन बंद कर. मी म्हटलं, तुझं मशीन तुला माझ्या मृत्यूपेक्षा मोठं आहे का. बरणी उघडून हुंगायला दिली. गोठ्यातलं गवत, म्हणाला.

३१ ऑक्टोबर
मोराग आली. दारातच कोट न काढता दोन्ही हातांच्या मुठी मिटून उघडून दाखवल्या. पुन्हा मिटल्या, पुन्हा उघडल्या. किती दिवसांनी अशी हसली. चहा टाकतो म्हटलं. म्हणाली, आधी फिडल.

मी आडवा उभा राहिलो. म्हटलं, त्या खोलीत जाऊ नकोस, मला बोलावणं आलं आहे. काय ऐकलंस, तिने विचारलं. सांगितलं. आधी तारा, एकेक करून. मग खट्. मग कडाड. सांगता सांगता तिचं हसू गेलं. किल्ली तिने माझ्या खिशातून स्वतः काढून घेतली.

आतली हवा नाकाला टोचत होती. मीटरवर २४. दोऱ्यांवरचा माल तिच्या खांद्याला लागला आणि भुगा होऊन गालिच्यावर पडला. पेटी उघडी होती. तारा ताणणाऱ्या खुंट्या आकसून सुटलेल्या, चारही तारा ढिल्या. फिडलच्या पोटातला छोटा लाकडी खांब आडवा पडलेला. वरच्या फळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर.

पुडी कुठे आहे, तिने विचारलं. बरणीत, मी म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली, बरणीतून पुडी काढली, पुसली आणि नेऊन पेटीत ठेवली, नेहमीच्या जागी. झाकण लावलं. मग म्हणाली, दोन आठवडे ते तुला हाका मारत होतं, लॉकी, आणि तू चहा पीत बसलास.

२ नोव्हेंबर
हॉलमध्ये सासऱ्यांच्या धुना दुसऱ्याच कोणीतरी दुसऱ्याच फिडलवर वाजवल्या. मोराग पहिल्या रांगेत बसली होती. हात मांडीवर, आणि डाव्या हाताची बोटं धुनेबरोबर एकेक करून दाबली जात होती. एकही चुकत नव्हतं. मी पाहिलं आणि मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

चीर चिकटवणारा एक माणूस हॅलिफॅक्सला आहे. चिकटेल, मोराग म्हणते, पण तो आवाज बाबांचा नसेल. निघताना सेडीने माझा दंड थोपटला. म्हणाली, मी सांगितलंच होतं, घरातलं कोणीतरी जाणार.

घरी आलो. मोराग झोपायला गेली. मशीन डूगलला परत दिलं आहे. शेगडी विझली आहे. बाहेरचं धुकं खिडकीतून हळूहळू आत येतं आहे. सवयीने मीटर पाहिला. खोलीत बरोबर साठ.