झांज खाणारा स्पीकर

बाबा, परवा मी पणजीला स्पीकर घ्यायला गेले होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, घरात माणसं दोन, त्यांना पाच स्पीकर कशाला? मीही तुमच्या नातवाला हेच म्हटलं. पण त्याला टीव्हीसमोर बसून थिएटरसारखा आवाज हवाय, आणि मला तो सेट चतुर्थीच्या आत घरात हवाय. कारण यंदा काका येणार आहेत. हो, तुमचा धाकटा भाऊच. गोव्याचं राज्य झालं त्या सत्त्याऐंशीच्या चतुर्थीला आपल्या गणपतीसमोरून उठून गेले ते आजवर आले नव्हते. मीच त्यांना पेडण्याला फोन केला. म्हणाले, ‘‘येतंय गो बाय.’’ त्यांना आपली जुनी आरतीची टेप नीट ऐकवायची आहे मला.  

ती टेप तुम्हाला आठवत असेल. मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर आपल्या डिचोलीच्या घरात भरलेली. तुमच्या मांडीवर मडक्याला चामडं ताणलेलं घुमट, शेजारचे काठ्यांनी शामेळ बडवतायत, आणि काकांच्या हातात झांज. काकांसारखी झांज अख्ख्या वाड्यात कोणी वाजवत नसे, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. पुढच्या वर्षी, म्हणजे राज्य झालं त्याच वर्षी, तुमच्या मनाने घेतलं की आपलीच आरती घरात खणखणीत वाजली पाहिजे, चांगला डेक आणि दोन स्पीकर आणायचे. मी एकोणीस वर्षांची. चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी आपण म्हापशाला गेलो, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं बांधायला सुतळी घेतली आणि स्पीकरच्या दुकानात शिरलो. दुकानदार बिचारा हौशी. जाळी काढून दाखवू लागला, हा मोठा कागदी शंकू ढोलाचे खालचे आवाज काढतो, हा वरचा बारका झांजेसारखे बारीक आवाज काढतो, दोन्हींच्या मागे लोहचुंबक, तारेचं वेटोळं हललं की कागद हलतो. तुम्ही बोटाने तो कागद हळूच दाबलात आणि खूश होऊन म्हणालात, ‘‘म्हणजे घुमटच मरे हे! चामड्याच्या जाग्यार कागद!’’ तुमचं ते हसणं मला अजून दिसतं.

दुकानदाराने सिनेमाचं गाणं लावलं. तुम्ही ते बंद करायला लावून खिशातून आपली टेप काढलीत. आरती सुरू झाली, तुम्ही डोळे मिटलेत, मान डोलली, आणि मग मान थांबली. ‘‘झांज खंय गेली? ह्यो स्पीकर झांज खाता.’’ दुकानदाराने दुसरी जोडी लावली. तीही खाते. तिसरीही खाते. दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे बघतेय. कारण झांज वाजत होती, बाबा. पहिल्या जोडीतून वाजत होती, दुसरीतून वाजत होती, तिसरीतून तर इतकी स्वच्छ की काकांचं मनगट दिसावं. तुम्ही वळलात आणि हळू आवाजात विचारलंत, ‘‘बाय, तुका तरी ऐकाक येता गो?’’

तो प्रश्न तुम्ही चिडून विचारला असतात तर मी खरं बोलले असते. पण तुम्ही घाबरला होतात. तुम्हाला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लोखंडाच्या खाणीत, मायनीवर, सोळा वर्षं तुम्ही क्रशरवर होता, दिवसभर दगड फुटतायत, आणि कान गेलेल्या माणसाला मशीनवर ठेवत नाहीत हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आई महिनाभर हाका मारत होती आणि तुम्ही ओ देत नव्हता, ते आम्ही तुमच्या तंद्रीवर ढकलत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, ‘‘नाही बाबा. खातोच तो.’’ तुमच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की आजही त्या रस्त्याने जाताना मी मान वळवते.

मग आपण सगळ्यात मोठी जोडी आणली, ‘‘निदान घुमट तरी बरो वाजता’’ म्हणून. आपल्या त्या एवढ्याशा खोलीत म्हणजे नाकापेक्षा मोती जड. झांजेसाठी तुम्ही बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलंत. आईने कान झाकले, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि तुम्ही स्पीकरला कान लावून बसलात. बराच वेळ. शेवटी उठून म्हणालात, ‘‘स्पीकराचो दोष ना. वाजपाऱ्याचो हात मऊ पडला.’’ वाजपारी म्हणजे काका. एका खोट्याला वाट मिळाली नाही की ते दुसऱ्याच्या घरात शिरतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरीही मी चूल पेटवायला आत गेले.

चतुर्थीला काका पेडण्याहून आले. त्या वर्षी घराघरांत भाषेचा वाद, काका कोंकणीच्या बाजूचे, तुम्ही मराठीच्या. दोघं तावातावाने भांडायचात तेही एकाच बोलीत, आणि मग एकाच ताटातल्या नेवऱ्या खायचात. त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण आरती ऐन रंगात आली असताना तुम्ही घुमटावरचा हात थांबवलात. सगळे थांबले. तुम्ही सगळ्यांसमोर भावाला म्हणालात, ‘‘हात मेलो काय रे तुजो? देवासमोर तरी जीव लावून वाजय!’’ काकांच्या तळहातांवर लाल वळ उठले होते, मी जवळून पाहिले. त्यांनी झांज गणपतीसमोर ठेवली, नमस्कार केला आणि प्रसाद न घेता निघून गेले. गाव म्हणालं, भाषेवरून फाटलं. आणि तुम्हीही ते चालवून घेतलंत. तुमचे कान गेलेत हे तुम्हाला ठाऊक होतं का, बाबा? एवढं एकच मला तुम्हाला विचारायचं होतं. सहा वर्षांनी तुम्ही गेलात, काका स्मशानात आले, लांब उभे राहिले, आणि घरात न येता तसेच परतले.

तर परवाचं सांगते. ती टेप तुमच्या नातवाने मोबाइलमध्ये घालून घेतलीय. शोरूमच्या माणसाने आधी काचा फुटतात, गाड्या उडतात असलं काहीतरी दाखवलं, मधला स्पीकर बोलण्याचा, मागचे दोन आजूबाजूच्या आवाजांचे, असं बरंच समजावलं. मी म्हटलं, अरे, गाड्या राहू देत, आमची आरती लाव. पहिल्या सेटची समोरची जोडी लागली. घुमट आलं, थेट छातीत आलं, तुमचा हात मी ओळखला आणि डोळे भरले. शामेळ आलं. आईचा आवाज आला. झांज आली नाही. दुसरी जोडी लावली, तरी नाही. माझ्या तोंडाशी वाक्य तयार, अगदी शब्दन् शब्द तयार, हा स्पीकर झांज खातो! तुमचे कान क्रशरने खाल्ले, माझे कशाने गेले देव जाणे. मुलगा माझ्याकडे बघत होता. ते वाक्य मी गिळलं आणि म्हटलं, ‘‘मला झांज ऐकू येत नाही. तुला येते?’’

तो म्हणाला, ‘‘आई, पहिल्यापासून येतेय.’’ आणि पुढे, ‘‘दुसऱ्या जोडीत जास्त चांगली.’’ मग त्या दुसऱ्या जोडीचा सेट घेतला. माझ्या कानांनी निवडली असती तर पुन्हा तुमचीच मोठी जोडी घरी आली असती. येताना गाडीतूनच त्याने माझ्यासाठी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

स्पीकर भिंतीला लागलेत. काकांची खुर्ची कुठे ठेवायची तेही मुलाने आवाज लावून ठरवलंय. ऐंशी उलटलेत, पण कान तिखट आहेत त्यांचे, फोनवर मागची कुकरची शिटीसुद्धा त्यांनी ओळखली. ते स्वतःचा हात ऐकतील, मऊ नव्हता हे त्यांना कळेल, आणि मग माझ्याकडे बघतील. काय सांगायचं ते मी आरशासमोर म्हणून बघतेय. ‘काका, बाबांना ऐकू येत नव्हतं,’ इथपर्यंत बरं जमतं. पुढचं वाक्य ‘मला येत होतं’ एवढंच आहे, आणि ते अजून एकदाही तोंडातून बाहेर पडलेलं नाही.