सुंदर ही शेड नाही

बाबा, आज एका विद्यार्थिनीने मोबाइलवर समुद्री गोगलगायीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, ही कुठली? किती सुंदर आहे ना!" माझ्या तोंडून पटकन गेलं, "सुंदर ही शेड नाही." ती बिचारी फोटो पुन्हा निरखायला लागली. वाक्य तुमचं, आणि सूरही तुमचाच लागला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मधूनच तुम्ही असे माझ्या तोंडून बोलता, आणि मला फार बरं वाटतं.

ऐंशी सालानंतरचं आपलं वाशीचं घर आठवतं. एक खोली, स्वयंपाकघर आणि एवढीशी गॅलरी. तुम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायला होता. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिंधीचा हुबेहूब रंग तयार करायचा, तो पांढऱ्या सुती पट्टीवर चढवायचा, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं आणि जुळलं तर पट्टीच्या मागे सही करायची. तुमची बोटं कधी जांभळी, कधी पिवळी. त्याच हाताने तुम्ही भाकरी मोडायचात आणि आई रोज त्यावरून बोलायची.

मी एम.एस्सी.ला होते. उरणच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या, शंख नसलेल्या गोगलगायींवर प्रबंध होता. सापडल्या त्या बहुतेक मातकट. शेवटच्या फेरीत ओहोटीच्या डबक्यात ती दिसली. बोटाएवढी, अंगभर निळे-पिवळे ठिपके आणि पाठीवर कल्ल्यांचा लाल रेघांचा तुरा. पुस्तकात अशा दिसणाऱ्या दोन जाती होत्या. एकीच्या तुऱ्यावर नुसता लाल, दुसरीच्या तुऱ्यावर पिवळे ठिपकेही. अडचण अशी, की टिकवायला फॉर्मॅलिनमध्ये घातलं की हिचा रंग उतरतो आणि बरणीत पांढरट गोळा उरतो. रंगीत फोटो काढायला आपल्याकडे कॅमेरा कुठला? बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना जात पटली नाही तर प्रबंध परत आणि वर्ष वाया. वर्ष गेलं की शिक्षण पुरे, मिळेल ती नोकरी धरायची, हे घरात ठरलेलं होतं.

तिला ठेवलेला समुद्राच्या पाण्याचा डबा मांडीवर धरून मी जासईवरून एस.टी.ने घरी आले. आईने आपली पांढरी इनॅमलची थाळी दिली, वर बजावलं, "ही थाळी उद्या तूच घासायची. माजा हात लागायचा नाय." तिला थाळीत सोडलं आणि तुम्ही चष्मा लावून वाकलात.

"निळा कुठला हाय?"

"सुंदर निळा आहे, बाबा."

"सुंदर ही शेड नाय. लालाकडं झुकतोय का हिरव्याकडं, ते सांग."

मी रडकुंडीला आले. तुम्ही वर न बघता म्हणालात, "रडू नको. डोळ्यात पानी आलं का रंग फसवतो."

मग माळ्यावरच्या डब्यातून रंगाच्या पुड्या निघाल्या. आई पातेली देईना, तेव्हा तुमचा दाढीचा मग कामाला आला. ट्यूबलाइटखाली बसून तुम्ही एकेक पट्टी रंगवलीत आणि आम्ही दोघं खूश होऊन झोपलो. सकाळी पट्ट्या गॅलरीतल्या उजेडात नेल्या तर पिवळा चक्क हिरवट! तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. ट्यूबखाली शेड पास करणाऱ्या नव्या पोरांना फाडून खाणारे तुम्ही! गोगलगाय मरून जाईल, पोरीचं वर्ष जाईल, ह्या धास्तीत तुमच्याच नियमाचा तुम्हाला विसर पडला होता. "घ्या," म्हणालात, "माजाच माल रिजेक्ट." आणि इतके हसलात की आई बघायला बाहेर आली.

त्या दिवशी तुम्ही खाडा केलात. आजही मला गॅलरीत सावलीला मांडी घालून बसलेले तुम्ही दिसता. थाळीत ती संथ सरकते आहे, तुम्ही पट्टी तिच्याजवळ धरता, मान हलवता, पुन्हा मगात बुडवता. अंगाचा दुधट, ठिपक्यांचा निळा, पिवळा, शेवटी तुऱ्याचा लाल. तुऱ्याकडे तुम्ही फार वेळ बघितलंत. "हितं पिवळा नाय," म्हणालात आणि पट्टीमागे सही केलीत.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बरणीतला गोळा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी पट्ट्या पुढे ठेवल्या. ते उठून खिडकीपाशी गेले, पट्ट्या पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघत राहिले. "ही सही कुणाची?" "माझ्या वडिलांची. ते शेड पास करतात." ते हसले आणि नुसत्या लाल तुऱ्याच्या जातीच्या, हिप्सेलोडोरिस इन्फुकाटा ह्या नावापुढे त्यांनी आपली सही केली. तुम्ही कारखान्यात पेढे वाटलेत. कशाचे म्हणून विचारणाऱ्याला सांगितलंत, "आमची गोगलगाय पास झाली."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? पट्ट्यांच्या पाकिटातच ठेवते. पट्ट्या आता विटल्यात, सह्या मात्र ठळक आहेत.

एक सांगायचं राहिलं. प्रबंध बांधून आला तेव्हा त्या इंग्रजी पानांवरून बोट फिरवत तुम्ही विचारलंत, "सगल्या शेडी बरोबर लिवल्यास ना?" मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवलं, एकेक रंग, कुठला कशाकडे झुकतो त्यासकट. पण त्या परिच्छेदाच्या अगदी शेवटी मी एक शब्द जास्तीचा घातला होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो खोडला नाही. तुम्हाला वाचून दाखवताना तेवढा मी गाळला. सुंदर.