काठावर बावीस

२ तारीख, रात्र
आजपासून नियमित लिहिणार. विषय एकच, गाडी.
ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरतं आणि पुढच्या चाकांतून कोणी किंचाळल्यासारखा आवाज येतो. बायकोचं म्हणणं, महिनाभर येतोय. मी आज ऐकला, म्हणजे आजच सुरू झाला.
गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकून सांगितलं की पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क, म्हणजे चाकामागच्या लोखंडी तबकड्या, झिजल्यात, बदलून टाका. न तपासता रोग सांगायला तो काय डॉक्टर लागून गेलाय, असं मी त्याला विचारलं. त्यावर तो फक्त बरं साहेब म्हणाला. चोराच्या मनात चांदणं.
वीस तारखेला कन्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चालली. सात तासांचा रस्ता, शेवटी लांबलचक उतार. शाळेच्या पहिल्या दिवसापासून तिला सगळीकडे मीच सोडलंय. इथेही मीच सोडणार. जेवताना जाहीर केलं. कोणी काही बोललं नाही, म्हणजे सर्वानुमते मंजूर.
निश्चय: डिस्क स्वतः तपासायची. आपला हात जगन्नाथ.

४ तारीख
व्हर्नियर कॅलिपर आणला. दोन जबड्यांत वस्तू धरायची की जाडी कळते. सरावासाठी साबण, दाराची कडी आणि कन्येचा मोबाइल मोजला. हात बसला.
मग व्हिडिओ लावला. चांगला अर्ध्या तासाचा. पहिल्या पाच मिनिटांत मुद्दा कळला: आपल्या गाडीची नवी डिस्क बावीस मिलिमीटर, वीसच्या खाली गेली की बाद. पुढे नुसतं पाल्हाळ असणार. शहाण्याला शब्दाचा मार. बंद केला.

५ तारीख
चाकाचे नट निघत नाहीत. मागच्या वेळी गॅरेजवाल्याने मुद्दाम आवळून ठेवले असणार. कंबर धरली.

६, ७, ८
कंबर.

९ तारीख
बायको भाजी घेऊन येत होती. पिशवी खाली ठेवली, पान्यावर उभी राहिली, नट सुटला. पाचही नट तसेच. पिशवी उचलून वर गेली. अर्थात मी ते आधीच सैल करत आणले होते.

१० तारीख
ऐतिहासिक दिवस.
चाक काढलं, डिस्कच्या कडेला कॅलिपर लावला. बावीस. दुसऱ्या बाजूच्या डिस्कलाही बावीस. अकरा वर्षांत केसाइतकीही झीज नाही. याचं कारण एकच, माझं ड्रायव्हिंग.
जेवताना सगळं समजावून सांगितलं. कन्येने विचारलं की मग पॅडल का थरथरतं. चांगला प्रश्न. माझ्या बुटांचे तळवे पातळ झालेत, त्यामुळे पायाला जास्त जाणवतं. ती आईकडे बघायला लागली. आई ताटाकडे.
डिस्कवर गोल गोल रेघोट्या आहेत, नख अडकतं. कंपनीने काहीतरी विचार करूनच दिल्या असतील.

१२ तारीख
नवे बूट घालून चक्कर मारली. थरथर तशीच. बूट परत करायला गेलो तर दुकानासमोर थांबायचं होतं ते पुढच्या दुकानासमोर थांबलो. रस्ता गुळगुळीत आहे तिथे.

१५ तारीख
मेहुणा आला. त्याच्या ताईने, म्हणजे बायकोने, फोन केला होता असं दिसतं. गोड बोलून किल्ली मागितली आणि एक चक्कर मारून आला. येताच पाणी मागितलं. मग म्हणाला की भावजींनी उगाच दगदग कशाला करायची, भाचीला तो त्याच्या गाडीतून सोडेल. मी स्पष्ट नकार दिला. बावीसचा आकडाही सांगितला.
मी नकार दिला. बायकोने आणि कन्येने नाही दिला. लेकीचा बाप मी आहे की तो, असं मी स्वयंपाकघरात जरा मोठ्यानेच विचारलं. बायकोने मिक्सर लावला. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

१७ तारीख
बायकोने भाजी निवडताना तो व्हिडिओ बघितला. पूर्ण. मग स्लिपरवरच खाली आली आणि मी कुठे मोजलं ते दाखवायला सांगितलं. मी चाक काढून कड दाखवली.
तिने सांगितलं की डिस्कला दाबून धरणारं ब्रेकचं पॅड कडेपर्यंत कधी पोचतच नाही. तिथे घासत नाही म्हणून झीज नाही. आतला भाग झिजतो आणि कड उंबऱ्यासारखी वर राहते. सहाव्या मिनिटाला सांगितलंय.
कडेच्या आड कॅलिपर जाईना. तिने पर्समधून दोन नाणी काढली, डिस्कच्या दोन्ही अंगांना आतल्या भागावर धरली आणि मला वरून मोजायला लावलं. मग नाण्यांची जाडी वजा केली. साडेसतरा. दुसरी डिस्क, सतरा.
तिने नाणी पुसून पर्समध्ये टाकली आणि वर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. याच गाडीतून मी कन्येला त्या उतारावर नेणार होतो. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१८ तारीख
नव्या डिस्क आणल्या. अजून दोन दिवस आहेत. दोन डिस्क, दोन दिवस. हिशेब सोपा आहे. कन्येला सांगितलं की मेहुण्याला नाही म्हणून कळव. तिने बघू म्हटलं.

१९ तारीख
जुनी डिस्क एका चिमुकल्या स्क्रूने धरलेली असते. त्याचं डोकं माझ्याकडून गुळगुळीत झालं. आता तो कोणाच्याच बापाला निघणार नाही. गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला की मंगळवारी बघतो, आणि शेवटी पुन्हा बरं साहेब.

२० तारीख, सकाळी सहा
मेहुण्याची गाडी भरली. पुढे बॅगा, मागे गादी, बायको आणि कन्या. मी कुठे बसू विचारलं. जॅकवर चढवलेल्या गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं, असं ठरलं होतं म्हणे.
निघताना कन्या पार्किंगमध्ये आली. म्हणाली की दोन मिनिटं आपल्या गाडीत बसून जाते, शाळेत जाताना बसायची तशी. दार उघडून तिने पाय आत टाकला आणि मी ओरडलो, बसू नको, गाडी जॅकवरून घसरेल. तिने पाय बाहेर घेतला. दार हळूच लावलं. माझे हात ग्रीसने काळे होते, म्हणून तिला जवळ घेता आलं नाही. कोपराने टाटा केला.

२१ तारीख
घरात कोणी नाही. कन्या पोचली, खोली बरी आहे, असा तिच्या आईचा मेसेज आला. बायको चार दिवस तिकडेच राहणार. माझ्यासाठी निरोप, फ्रीजमधलं संपव.
खाली जाऊन आलो. डिस्क पुन्हा मोजली. आत नाही, कडेला.
बावीस. अगदी नव्यासारखी.